खोडवा

ब्रागांझाबाईंनी कॅम्पातलं घर विकलं तेव्हा
वाफ्यातलं एक काटेरी पिल्लू मुळासकट काढून
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं.
त्यांच्या फाटकाचं बिजागर मी कधीतरी ओतून दिलं होतं,
ओळख म्हणजे एवढीच.
म्हणाल्या, दरसाल उपटू नका हं हिला. ही राहते.

पानं राखेच्या रंगाची, कडा करवतीच्या.
पहिल्या दिवशीच बनियन फाडलं.
कुंपणापलीकडून गंगव्वा, इदु कुसुबी अल्लेन री?
म्हटलं, करडई न्हवं, करडईची लांबची मावशी.
आर्टिचोक म्हणताना मालनची जीभ
दर खेपेला अर्ध्यावर अडकते.
तिनं ते नाव सोडून दिलं,
"तुमची ती" म्हणू लागली.

पुस्तकं म्हणतात, थंडीत हिला झाका.
अनगोळात थंडी काय करणार?
इथे मारतं ते पाणी.
जुलैत परड्यातली माती खिरीसारखी होते
आणि गड्डा आतल्या आत कुजतो, वर पान हिरवंच असताना.
मी मार्कंडेयची चार पाट्या वाळू घातली,
वाफा गुडघ्याएवढा उचलला, वर जुना पत्रा.
बत्तीस वर्षं उद्यमबागेत वाळूच ठोकली आहे मी.
मुठीत दाबून सांगतो
कुठे पाणी जास्त झालं.

पहिल्या साली नुसती पानं.
दुसऱ्या माघात मधूनच दांडा वर आला,
टोकाला मुठीएवढी कळी, खवल्यांवर खवले.
कुकरला चार शिट्ट्या.
गंगव्वा शेंगाची चटणी घेऊन आली.
पान ओढायचं, दातानं खरवडायचं, टाकायचं.
खाण्याआधी होता त्याहून मोठा ढीग ताटात झाला.
एवढ्यासाठी? मालन म्हणाली.
मग तळाशी ती गाभ्याची वाटी लागली.
तिची चार तुकड्यांत वाटणी केली
आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

चैत्रात सगळं पिवळं पडून लोळलं.
परशराम म्हणाला, मेलंय ते, बाबा,
उपटून टाकूया, गाडी लावायला जागा होतीया.
मी विळ्यानं दांडे जमिनीलगत कापले,
वर उसाचं पाचट पसरलं.
त्याला काय सांगू,
ओतकामात साचा दरवेळी फोडावाच लागतो.
वाळू झटकायची, कास्टिंग गाडीवर चढवायचं,
संध्याकाळपर्यंत शेडमध्ये काही उरलेलं दिसत नाही.
पॅटर्न तेवढं पुसून फळीवर ठेवायचं.

आषाढ सरला तशी गंगव्वा येऊन वाकली,
दोन बोटांनी पाचट बाजूला केलं.
कूळे, म्हणाली.
तिच्या माहेरी रायबागकडे ऊस.
मी म्हटलं, खोडवा.
ती परत म्हणाली, कूळे.
बोटाच्या पेराएवढं, राखी, केसाळ,
आणि त्याच्या शेजारी अजून एक.

यंदा निडवा.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस डोळ्यावर पट्टी,
एक कळी काढायची राहून गेली.
पट्टी सुटली तेव्हा पहिलं नीट दिसलं ते तेच,
जांभळं, गॅसच्या ज्योतीसारखं,
त्यात मधमाश्या पार बुडालेल्या.
खायच्या कामाचं नाही ते आता, मालन म्हणाली,
आणि एक मोडून तिनं तांब्यात ठेवलं.
काटे बोटाला लागले तरी हूं की चूं नाही.

पिल्ली पाच आली. तीन ठेवली.
एक गंगव्वाच्या वाफ्यात.
उरलेलं ओल्या वर्तमानपत्रात उंबऱ्याशी पडलंय,
कुणाला द्यायचं ते ठरत नाही.
फाटकाचं काम घेऊन आता कोण येतं?

परशराम गाडी रस्त्यावरच लावतो.
काल रात्री वळीव आला,
पत्रा वाजू लागला म्हणून मी चप्पल शोधतोय,
तर हा आधीच बाहेर, बनियनवर, भिजलेला,
गाडीच्या स्टँडखालची वीट काढून
पत्र्यावर ठेवत होता.